वू यान्नी, ज्योती आणि हांगझोऊची ती सुरुवात

मॅडम, २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतली महिलांची १०० मीटर अडथळा शर्यतीची फायनल तुम्ही शाळेतल्या हर्डल्सच्या मुलींना दाखवलीत, हे फार बरं केलंत. त्यावर मुलींनी तुम्हाला तीन प्रश्न विचारले. पिस्तुलाआधी निघालेली चिनी मुलगी पुन्हा पळालीच कशी? चूक तिची असताना आपल्या ज्योती याराजीला बाद का करत होते? आणि ही वू यान्नी खरोखर मोठी खेळाडू आहे की नुसतीच गाजलेली? मुलींना हर्डल्स शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देतो. तिसऱ्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आधी नियम. २०१० पासून एकदाच सुरुवात चुकली, म्हणजे पिस्तुलाआधी निघालं, तरी खेळाडू बाद होतो. त्याआधी काही वर्षं पहिली चूक सगळ्यांच्या नावावर मांडली जायची आणि दुसऱ्यांदा जो चुकेल तो बाहेर, अशी पद्धत होती. आता ती सवलत फक्त डेकॅथलॉन-हेप्टॅथलॉनसारख्या एकत्रित स्पर्धांत उरली आहे. मोठ्या स्पर्धांत स्टार्टिंग ब्लॉकला सेन्सर असतात. पिस्तुलानंतर ०.१०० सेकंदाच्या आत दाब बदलला तर यंत्र ती चुकीची सुरुवात धरतं. २०२२च्या यूजीनमधल्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या ११० मीटर हर्डल्सच्या फायनलमध्ये अमेरिकेचा डेव्हन अॅलन ०.०९९ला निघाला आणि घरच्या प्रेक्षकांसमोर बाद झाला. एका सहस्रांशानं. नियम इतका कडक आहे.

या नियमाला जोडून एक टीप आहे आणि हांगझोऊचा सगळा वाद तिथेच होता. एखादा खेळाडू आधी निघाला की शेजारच्यांचं शरीर आपसूक त्याच्यामागे ओढलं जातं. काटेकोर पाहिलं तर तेही आधीच निघालेले असतात. पण टीप सांगते की स्टार्टरने, म्हणजे पिस्तूल उडवणाऱ्या पंचाने, ज्याच्यामुळे हे घडलं त्यालाच जबाबदार धरावं, मागून ओढल्या गेलेल्यांना नाही. वू चौथ्या लेनमध्ये होती, ज्योती तिच्या शेजारी. वू आधी सुटली आणि तिच्या हालचालीनं ज्योतीचे हात उचलले गेले. रिप्लेमध्ये हा क्रम स्पष्ट दिसतो. म्हणजे टीप लावली असती तर ज्योतीचं नाव या प्रकरणात यायलाच नको होतं. तरी सुरुवातीला दोघींनाही बाद करण्याची भाषा सुरू झाली. ज्योती तिथेच उभी राहून वाद घालत राहिली, दोघींनी पडद्यावर रिप्ले पाहिला, आणि शेवटी दोघींनाही निषेधाधीन पळू दिलं. भारतीय बाजूनं, त्यात अॅथलेटिक्स महासंघाच्या पदाधिकारी अंजू बॉबी जॉर्जही होत्या, रीतसर निषेध नोंदवला गेला.

निषेधाधीन पळणं म्हणजे काय, हे मुलींना नक्की समजावून सांगा. बाद ठरवल्याचं खेळाडूला मान्य नसेल तर तो तिथल्या तिथे तोंडी निषेध करू शकतो, आणि रेफरीला शंका असेल तर तो त्याला पळू देतो. निकाल नंतर लागतो. मात्र मान्यताप्राप्त यंत्रानं चुकीची सुरुवात दाखवली असेल आणि यंत्र बिघडल्याचं रेफरीला उघड दिसत नसेल, तर ही मुभा देऊ नये असंही नियमातच आहे. माझं मत विचाराल तर त्या संध्याकाळी वूला लगेच लाल-काळं कार्ड, म्हणजे बाद झाल्याची खूण, दाखवायला हवं होतं. त्यात ज्योतीचं भलं होतंच, वूचंही होतं. तसं झालं असतं तर ती बाजूला उभी राहून रडली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. त्याऐवजी ती पूर्ण शर्यत पळाली, दुसरी आली, राष्ट्रध्वज घेऊन आनंद साजरा केला आणि मग तिचं नाव निकालातून निघालं.

शर्यतीत लिन युवेई १२.७४ सेकंदांत पहिली आली. वू १२.७७, ज्योती १२.९१. वू बाद झाल्यावर ज्योतीला रौप्य आणि जपानच्या युमी तानाकाला कांस्य मिळालं. तारीख होती १ ऑक्टोबर, म्हणजे चीनचा राष्ट्रीय दिन. घरचं मैदान, फायनलमध्ये घरच्या दोन मुली आणि दोघींकडूनही पदकाची अपेक्षा. आपल्याकडेही त्या संध्याकाळी बरेच जण टीव्हीसमोर होते, कारण थोड्याच वेळाच्या अंतरानं बीडच्या अविनाश साबळेनं ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं १९.५० सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळवलं होतं. म्हणूनच ज्योतीचं प्रकरण महाराष्ट्रात एवढं पाहिलं आणि चर्चिलं गेलं.

आता तिसरा प्रश्न. वू यान्नीचा जन्म २८ जुलै १९९७चा, सिचुआन प्रांतातल्या झिगाँगचा. चीनमध्ये ती शर्यतीइतकीच शर्यतीआधीच्या क्षणासाठी ओळखली जाते. लेनमध्ये नाव पुकारलं की बोट आकाशाकडे रोखून उभं राहणं, ठळक मेकअप, अंगावरचे टॅटू. यावरून तिच्यावर सतत टीका होते. तिनं आधी पळून दाखवावं, मग नटावं, असं लिहिणारे हजारो आहेत. मला ही टीका अन्यायाची वाटते. हर्डल्समध्ये ब्लॉकमध्ये बसण्याआधी प्रत्येक मुलगी स्वतःला कसंतरी सावरत असते. कुणी मांड्यांवर थापा मारते, कुणी उड्या मारते, कुणी डोळे मिटून दहा अडथळे मनातल्या मनात ओलांडते. वू बोट वर करते. त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. हांगझोऊनंतर टीकेला जोर चढला, तिनं वेइबो या चिनी समाजमाध्यमावर माफीही मागितली, आणि तरी आजही तिचं नाव निघालं की बहुतेकांना तेवढंच आठवतं.

म्हणून मुलींना हांगझोऊच्या दोन महिने आधीची एक शर्यत दाखवा. ऑगस्ट २०२३, चेंगडू, जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा. स्लोव्हाकियाची व्हिक्टोरिया फोर्स्टर १२.७२मध्ये जिंकली, वू १२.७६मध्ये दुसरी आली, ज्योती १२.७८मध्ये तिसरी. ज्योतीचा तो राष्ट्रीय विक्रम होता. पॅरिस ऑलिंपिकसाठी थेट पात्रतेची वेळ होती १२.७७. वू एका शतांशानं आत गेली, ज्योती एका शतांशानं बाहेर राहिली. पुढे २०२४मध्ये ज्योतीनं फिनलंडमध्ये पुन्हा १२.७८ नोंदवली, पुन्हा एक शतांश कमी पडला, आणि शेवटी ती जागतिक क्रमवारीच्या जोरावर पॅरिसला गेली. हांगझोऊच्या ब्लॉकमध्ये शेजारी-शेजारी बसलेल्या या दोघींमध्ये दोन महिन्यांपूर्वी केवळ दोन शतांशांचं अंतर होतं आणि ते दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. हे कळलं की तिथला ताण समजतो.

या अंतराची गणितं तुम्ही फळ्यावर मांडू शकता. महिलांच्या शर्यतीत दहा अडथळे, प्रत्येक ८३.८ सेंटिमीटर उंच. पहिला अडथळा १३ मीटरवर, मधली अंतरं साडेआठ मीटरची, शेवटच्या अडथळ्यानंतर साडेदहा मीटर. पहिल्या अडथळ्यापर्यंत बहुतेकींच्या आठ पावलं पडतात, मग दर दोन अडथळ्यांमध्ये तीन. साडेबारा-पावणेतेरा सेकंदांच्या शर्यतीत पहिला अडथळा ओलांडून पाय जमिनीला लागेपर्यंत अडीच सेकंदांच्या थोडं वर वेळ जातो. त्यानंतरचा प्रत्येक टप्पा साधारण एका सेकंदाचा, असे नऊ टप्पे, आणि शेवटची धाव सेकंदाच्या जरा वर. चांगली धावपटू पिस्तुलानंतर ०.१२ ते ०.१६ सेकंदांत हलते. आवाजाचा अंदाज घेऊन निघालं तर फार तर चार-पाच शतांश हाती लागतात. एरवी ते क्षुल्लक. पण फायनलमध्ये तुम्ही आणि शेजारची यांच्यात दोनच शतांश असतील तर तेवढ्यानं पदकाचा रंग बदलतो. वू मुद्दाम आधी निघाली असं मी म्हणत नाही. ते तिचं तिलाच माहीत. पण असा हिशेब डोक्यात असला की ‘सेट’ या आज्ञेनंतर थांबलेलं शरीर पिस्तुलाची वाट पाहायचं सोडून पिस्तुलाचा अंदाज घ्यायला लागतं. हे मी कितीतरी मुलींमध्ये पाहिलं आहे, चांगल्या, प्रामाणिक मुलींमध्ये.

हांगझोऊचे आकडे पुन्हा पाहा. ज्योतीची वेळ तिच्या चेंगडूच्या वेळेपेक्षा १३ शतांशांनी वाढली. एकदा उठून, भांडून, पुन्हा ब्लॉकमध्ये बसलेल्या मुलीकडून हे अपेक्षितच होतं. वूची १२.७७ मात्र तिच्या चेंगडूच्या वेळेपेक्षा फक्त एका शतांशानं जास्त होती. आपण बाद होणार याची धास्ती, समोर सगळं स्टेडियम, आणि तरी दहाच्या दहा अडथळ्यांवर तिची लय सुटली नाही. ती वेळ आज अधिकृत निकालात नाही आणि नसायलाच हवी. पण प्रशिक्षक म्हणून मी तिच्या क्षमतेचा अंदाज त्याच धावेवरून करतो.

आता चित्र थोडं मोठं करू. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत चीनच्या वू शुइजियाओनं १२.७२मध्ये सुवर्ण जिंकलं होतं. २०२२मध्ये जपानची माको फुकुबे १२.७३ पळाली. २०२३मध्ये लिन युवेई १२.७४, वू यान्नी १२.७६, ज्योती १२.७८. इतक्या वर्षांत आशियातल्या उत्तमातल्या उत्तम मुली सहा-सात शतांशांच्या एकाच पट्ट्यात दाटीवाटीनं उभ्या होत्या. चीनचा राष्ट्रीय विक्रम तर १९९३चा आहे, झांग यूचा १२.६४. आशियाई विक्रम कझाकस्तानच्या ओल्गा शिशिगिनाचा, १२.४४, तोही १९९५चा. याच शिशिगिनानं २०००मध्ये सिडनीला १२.६५मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं होतं. आजच्या आशियाई मुली तिच्या १२.४४पासून अजून दूर आहेत.

जग मात्र थांबलं नाही. नायजेरियाच्या टोबी अमुसाननं २०२२मध्ये १२.१२चा विश्वविक्रम केला. पॅरिसमध्ये मसाई रसेल १२.३३, सिरेना सांबा-मायेला १२.३४, जास्मिन कामाचो-क्विन १२.३६. तीन पदकं तीन शतांशांच्या आत. १२.७७ आणि १२.३३ यांच्यात ४४ शतांशांचा फरक आहे. हा फरक ब्लॉकमधून आधी सुटून भरून निघत नाही. तो नऊ टप्प्यांत, दर टप्प्याला चार-पाच शतांश असा विखुरलेला असतो. अडथळ्यावरून उतरताना मागचा पाय किती लवकर पुढे येतो, पहिलं पाऊल किती कडक पडतं, नवव्या-दहाव्या अडथळ्यापर्यंत कंबर खाली बसते की नाही, यात तो असतो. माझी खरी हळहळ इथे आहे. वूवर जे लाखो शब्द खर्च झाले, त्यात पिस्तूल आणि मेकअप यांचीच चर्चा झाली. सातव्या अडथळ्यानंतर तिची लय कशी राहते, याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

चीनमध्ये हर्डलरवर एवढा भार का, याचंही कारण आहे. लिउ शियांगनं २००४मध्ये अथेन्सला ११० मीटर हर्डल्सचं सुवर्ण १२.९१मध्ये जिंकलं आणि २००६मध्ये लोझानला १२.८८चा विश्वविक्रम केला. स्प्रिंट आणि हर्डल्स आशियाईंचे खेळ नाहीत, ही समजूत त्यानं मोडली. मग २००८मध्ये बीजिंगला भरलेल्या स्टेडियमसमोर टाचेच्या दुखापतीनं त्याला हीटमधूनच, म्हणजे प्राथमिक फेरीतूनच, माघार घ्यावी लागली, आणि २०१२मध्ये लंडनला तो पहिल्याच अडथळ्यावर पडला. त्या दोन दिवसांनंतर त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं हे ज्यांना आठवतं, त्यांना वूच्या वाट्याला आलेल्या शिव्यांचं नवल वाटणार नाही. लिउकडे सुवर्ण आणि विश्वविक्रम होता. वूकडे तसं काहीच नाही, त्यामुळे तिची ढालही पातळ आहे.

हांगझोऊच्या त्याच संध्याकाळची आणखी एक गोष्ट आहे. शर्यतीनंतर लिन आणि वूनं एकमेकींना मिठी मारली. लिनच्या अंगावर ६ आणि वूच्या अंगावर ४ हे लेनचे आकडे होते, ते फोटोत शेजारी आले. चीनमध्ये ६ आणि ४ एकत्र दिसले की १९८९च्या ४ जूनची, म्हणजे सहाव्या महिन्यातल्या चौथ्या दिवशीच्या तिआनमेन चौकातल्या आंदोलकांवरच्या लष्करी कारवाईची आठवण होते. तो फोटो तिथल्या समाजमाध्यमांवरून काढून टाकण्यात आला. चुकलेल्या सुरुवातीनंतर विजेत्या सहकारिणीनं तिला जवळ घेतलं, या त्या प्रसंगातल्या सगळ्यात चांगल्या दृश्यालाही असं बाजूला व्हावं लागलं. मोठ्या मुलींना हे सांगायला हरकत नाही.

त्यानंतर पॅरिस २०२४. हर्डल्समध्ये पहिल्यांदाच रेपेचाज फेरी आली होती, म्हणजे हीटमध्ये मागे पडलेल्यांना आणखी एक संधी. वू आणि ज्योती दोघीही त्या फेरीत पळाल्या आणि दोघींनाही उपांत्य फेरी गाठता आली नाही. मग २९ मे २०२५, दक्षिण कोरियातलं गुमी, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. ज्योती १२.९६मध्ये पहिली, स्पर्धेचा नवा विक्रम. तानाका आणि वू दोघीही १३.०७, त्यात तानाकाला रौप्य आणि वूला कांस्य. २०२३मध्ये बँकॉकला जिंकलेलं सुवर्ण ज्योतीनं राखलं. हांगझोऊनंतर आपल्याकडे वूला फसवणूक करणारी आणि ज्योतीला बिचारी म्हणायची पद्धत पडली होती. गुमीत ज्योती सरळ वेगानं पुढे गेली आणि वूनं कसलीही तक्रार न करता कांस्य घेतलं. दोघींच्या नात्याकडे पाहायला मला ती शर्यत जास्त योग्य वाटते.

तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. वू यान्नी आशियातल्या पहिल्या फळीची हर्डलर आहे. विद्यापीठ स्पर्धेचं रौप्य, ऑलिंपिकची थेट पात्रता, आशियाई अजिंक्यपदाचं कांस्य, आणि डायमंड लीग या अव्वल खेळाडूंच्या वार्षिक मालिकेतल्या चीनमधल्या शर्यतींत जगातल्या अव्वल मुलींच्या शेजारची लेन, एवढं तिच्या नावावर आहे. जागतिक फायनलपासून ती अजून लांब आहे. तिची प्रसिद्धी तिच्या वेळेपेक्षा मोठी आहे, पण त्यामुळे तिची वेळ लहान होत नाही. आपल्या मुलींना मोजमाप कळावं म्हणून सांगतो, अनुराधा बिस्वालचा १३.३८चा भारतीय विक्रम २००२पासून तब्बल २० वर्षं टिकला, २०२२मध्ये ज्योतीनं १३.२३ पळून तो मोडेपर्यंत. १२.७६ पळणारी मुलगी कोणत्याही देशात रोज जन्माला येत नाही.

आता मैदानावर काय करायचं ते. तुमच्या मुली १८ वर्षांखालच्या गटात आहेत, त्यांचा अडथळा ७६.२ सेंटिमीटरचा. सुरुवातीचा सराव करून घेताना ‘सेट’ आणि शिट्टी किंवा क्लॅपर (आपटून आवाज काढायच्या लाकडी फळ्या) यांच्यातली वेळ कधीच ठरावीक ठेवू नका. कधी एक सेकंद, कधी अडीच, कधी क्लॅपर वाजवूच नका, ‘स्टँड अप’ म्हणून उठवा. ठरावीक लयीत सराव केला की शरीर आवाजाऐवजी लय ऐकायला शिकतं आणि मोठ्या स्पर्धेत वेगळा स्टार्टर आला की फसतं. आठवड्यातून एकदा तीन-चार मुलींना शेजारी बसवून त्यातल्या एकीला, बाकीच्यांना न सांगता, मुद्दाम आधी निघायला लावा. बाकीच्यांनी ब्लॉकमध्येच थांबायचं. सुरुवातीला सगळ्या ओढल्या जातील. महिन्याभरात फरक दिसेल.

आणि कधी त्यांच्यावर ज्योतीसारखी वेळ आली तर काय करायचं, तेही तोंडपाठ करून घ्या. लेन सोडायची नाही. हात वर करायचा. रेफरी आला की शांतपणे सांगायचं, ‘मी निषेध करते, शेजारची आधी निघाली.’ हे तिथेच, पुन्हा सुरुवात होण्याआधी बोलायचं. निकाल जाहीर झाल्यावर लेखी तक्रारीला ३० मिनिटं असतात आणि ते काम तुमचं, त्यामुळे फायनलच्या वेळी तुम्ही स्टँडमध्ये वर बसू नका, लेखी तक्रारी घेणाऱ्या तांत्रिक माहिती केंद्राच्या जवळ थांबा.